आत्याच्या हातचं पाणी

आत्यावर मी डूख धरला तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि तो सोडावा असं मला कधी वाटलं नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला. वडील मुंबईत हॉटेलात कामाला, घरात आई, मी आणि दोन वर्षांचा भाऊ. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. शेजारच्या वाडीत दिलेली, पण राज्य आमच्या घरावर. कुणी आजारी पडलं की पदर खोचून हजर.

भावाला ढाळ लागले, आणि आत्यानं आल्या आल्या त्याचं पाणी तोडलं. तेव्हा सगळ्याच वाड्यांत ही रीत होती. "फुटक्या मडक्यात पानी ओतून काय उपेग गो?" ती आईला म्हणाली. "घालशील तितकं खालून जाईल." नणंदेपुढे बोलायची आईची काय बिशाद! भाऊ "पानी, पानी" करत माठाकडे जायचा आणि माठाच्या बाहेरचा ओलावा चाटायचा. मी परकराचं टोक भिजवून त्याच्या तोंडात दिलं. आत्यानं ते पाहिलं, मला थोबाडीत दिली आणि माठ उचलून स्वतःच्या मांडीशी घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी भाऊ गेला. "देवाला आवडला," आत्या म्हणाली. मेलं ते देवाचं निमित्त!

पुढे महाडला मावशीकडे राहून बारावी झाले. नव्वदनंतरची गोष्ट. मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयानं महाडात खोली घेतली होती, एका मुसलमान ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामावर. तिथे मला नोकरी लागली. मुंबईहून आलेली आजारांची सोपी मराठी पुस्तकं आणि चित्रांचे तक्ते पत्र्याच्या पेटीत भरायचे, एसटीनं गावोगाव न्यायचे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या बायांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. मुंबईच्या ग्रंथपाल बाई अधूनमधून येऊन बघून जात.

पहिलीच पेटी भरताना ढाळांचं पुस्तक हातात आलं. उघडलं. पाणी थांबवू नका, असं पहिल्याच पानावर. उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमच्याचमच्यानं देत राहा. बस्स. एवढंच! साखर आमच्या घरात होती, मीठ होतं, माठ तर आत्याच्या मांडीशीच होता. मी पुस्तक भिंतीवर भिरकावलं.

बाई त्या दिवशी तिथेच होत्या. मी त्यांनाच धरलं. "हे तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"पुष्कळ वर्षांपासून," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत होतं, कपाटात. हे डॉक्टरांनी वाचायचं असतं असंच आम्ही धरून चाललो होतो."

"तुमच्या कपाटाला आग लागो," मी म्हटलं. बाईंनी ऐकून घेतलं, खाली वाकून पुस्तक उचललं, पुसलं आणि पेटीत सगळ्यांत वर ठेवलं. खरं बोलल्या म्हणून त्यांना मी सोडलं. आत्याला सोडणार नव्हते.

पेटी घेऊन खूप वाड्या फिरले, पण आत्याच्या वाडीला मुद्दाम जास्त वेळा गेले. देवळात बाया जमत. आत्या खांबाला टेकून मशेरी लावत बसे. ढाळांचं पान मी तिच्याकडे बघत वाचायची. "कागद वाचून पोरं जगती तर दगडाला पान्हा फुटंल," ती म्हणायची, आणि बाया हसायच्या. पालथ्या घड्यावर पाणी. भावाचं नाव मी चारचौघांत काढलं नाही. ते मी राखून ठेवलं होतं.

एका उन्हाळ्यात सकाळच्या एसटीनं गेले तर देवळात आत्या नव्हती. तिच्या नातवाला ढाळ लागलेत, असं बायांनी सांगितलं. मी पेटी तिथेच टाकली आणि निघाले. खरं सांगते, दाराशी मनात आलं, कळू दे हिलाही. मग पोर दिसलं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, भावाएवढंच. सून भिंतीला लागून रडत होती. आणि आत्या कळशी मांडीशी घेऊन बसली होती. तशीच!

"सोड ती," मी म्हटलं.

"मडकं फुटकं हाय गो..."

"फुटकं आहे म्हणूनच ओतायचं! गळकं मडकं भरलेलं ठेवायचं तर वरून ओततच राहावं लागतं. जन्मभर पाणी भरलंस, एवढं कळत नाय तुला?" मी कळशी तिच्या हातून हिसकावली. तिच्या लेकाला पोलादपूरहून जीप आणायला पिटाळलं. सुनेनं चुलीवर पाणी उकळलं, ते गार करून साखर-मीठ मी माझ्या हातानं घातलं.

भरवायला सून होती, मी होते. पण वाटी-चमचा मी आत्याच्या हातात दिला. "तू भरवायचं," मी म्हटलं. "तूच."

पोरानं चमचा अधाशासारखा चोखला आणि थोड्या वेळात सगळं ओकून टाकलं. "बघ," आत्या म्हणाली. मी म्हटलं, "थोडं थांब आणि परत दे. सावकाश." मी तिच्या समोर बसले आणि तिला उठू दिलं नाही. तिनं मान वर केली की मी वाटीकडे बोट दाखवायची. काळजाला थंडावा मिळत होता, खोटं कशाला बोलू.

ऊन कलतं झालं. जीप अजून आली नव्हती. पोर आता चमच्यासाठी हात पुढे करत होतं. आणि एकाएकी ते आत्याच्या मांडीवर मुतलं, चांगलं भरपूर. सकाळपासून पहिल्यांदाच. सून रडतारडता हसायला लागली.

आत्या ओल्या लुगड्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तवा तुज्या भावाला... दिलं असतं तर?"

हा प्रश्न तिच्या तोंडून यावा म्हणून मी इतकी वर्षं वाट पाहिली होती.

"जगला असता, आत्या," मी म्हटलं.

तिनं लुगडं बदललं नाही. वाटी जवळ ओढली आणि पुढचा चमचा भरला. तो पोराच्या तोंडापर्यंत नेईतो निम्मा सांडला.