मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या

अकरा महिने आमच्या मास्तरांचा राग त्यांच्या तोंडातल्या टाचण्या सांभाळतात. बारावा महिना आम्हाला सांभाळावा लागतो.

हे मी गमतीने म्हणत नाही. माझे यजमान कोट शिवतात. गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायचं, ओठांत सात-आठ टाचण्या धरायच्या आणि एकेक काढून खांदा, बाही, कंबर बसवत जायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला बोलता येत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "मागच्या वेळी बाही आखूड झाली होती हो," की मास्तर नुसतं "हं" करतात. टाचण्या नसत्या तर त्या बिचाऱ्याला स्वतःच्या आखूड बुद्धीबद्दल ऐकून घ्यावं लागलं असतं. राग यांच्या नाकावरच बसलेला असतो, पण खालचं दार बंद असतं म्हणून बरं.

रमजान लागला की टाचण्या मेजावरच्या छोट्या उशीत टोचल्या जातात त्या महिनाभर तिथेच. कोरडी टाचणी ओठांत धरल्याने रोजा तुटत नाही हे मौलवींनी तीनदा सांगून झालंय. पण मास्तरांना लोखंडाची चव घशात गेल्याचा संशय येतो. सुईत दोरा ओवतानाही ते टोकाला थुंकी लावत नाहीत, शेजारी पाण्याची वाटी ठेवून त्यात बोट बुडवतात. घशाखाली काय जातं यावर या माणसाचा एवढा पहारा. घशातून वर काय येतं, तिकडे मात्र आनंदीआनंद.

"इस्त्री तापली का? की मीच बसू तिच्यावर, लवकर तापेल?"

"हा खडू कुणी मोडला? माझा रोजा आहे, उगाच डोकं फिरवू नका."

या 'माझा रोजा आहे'ने मी तीस वर्षं पिचलेय. लहानपणी आईने मला पहिला रोजा धरायला लावला तेव्हा सांगितलं होतं, कुणी भांडायला आलं, शिवी दिली, तर उलट बोलायचं नाही, म्हणायचं, मी रोज्याने आहे. स्वतःला आवरण्यासाठीचं वाक्य आहे ते. आमच्या दुकानात त्याच वाक्याने दुसऱ्यांना दटावतात. रोजा मीही धरते. पहाटे सहरीचं जेवण करायला यांच्या आधी उठते, दिवसभर दुकानात तुरपाई करते, संध्याकाळी इफ्तारचं बघते, आणि माझा रोजा आहे हे कुणाला ओरडून सांगावं लागत नाही. हे त्यांना किती वेळा ऐकवलं असेल! पालथ्या घड्यावर पाणी.

दुकानात आम्ही दोघं आणि काजवाल्या खाला. खाला म्हणजे मावशी, पण नात्याने त्या आमच्या कुणी नाहीत. गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकट्या राहतात आणि बावीस वर्षं आमच्या कोटांची काजं हाताने करतात. यंत्रावर काज मिनिटात होतं, पण खालांनी केलेलं काज कोट फाटला तरी उसवत नाही. रमजानात त्या रोजा आमच्यातच सोडतात. कोनाड्यात त्यांचा एक पेला ठरलेला आहे.

यंदा विसाव्या रोज्याला दुपारी शाळेचे हेडमास्तर कोट न्यायला आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा निवृत्तीचा समारंभ होता. त्यांनी कोट चढवला, बटणं लावायला घेतली आणि मधलं बटण काही केल्या जाईना. मास्तरांनी वाकून बघितलं. काज तिरकं गेलं होतं आणि एका कडेने टाके सुटून दोरे बाहेर आले होते.

"खाला! हे काज केलंय की उंदराने कुरतडलंय?"

खाला उठून जवळ आल्या, कापड डोळ्यांपाशी नेलं. "थांबा, उसवून देते पुन्हा करून."

"पुन्हा काय पुन्हा? आठवड्यात तिसऱ्यांदा झालंय हे. डोळे गेले असतील तर घरी बसा. लोकांच्या कापडावर आंधळी कोशिंबीर खेळायला येता का इथे?"

हेडमास्तर खाली स्वतःच्या बुटांकडे बघू लागले. मी "अहो!" म्हणून ओरडले, पण तोंडातून निघायचं ते निघून गेलं होतं. खालांनी बोलायला तोंड उघडलं. बावीस वर्षांचं बरंच काही त्यांच्याकडे बोलण्यासारखं होतं, मला माहीत आहे. पण त्यांनी तोंड मिटलं, सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं पितळी टोपण काढून मेजावर ठेवलं आणि अगदी हळू, स्वतःलाच सांगावं तसं म्हणाल्या, "माझा रोजा आहे." चपला पायात सरकवून त्या गेल्या.

आमच्या दुकानात ते वाक्य मी पहिल्यांदाच जागेवर पडलेलं ऐकलं.

हेडमास्तरांचं काज मीच कसंबसं नीट करून दिलं. त्या संध्याकाळी खाला इफ्तारला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कामालाही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. त्यांना आमच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि काजांपुरतं नाही, एरवीही आम्हाला त्यांच्याशिवाय कोण होतं? त्या आता उंबऱ्यात पाऊल ठेवतील की नाही, या विचारात मी रोज इफ्तारला त्यांच्या वाटचे खजूर बाजूला काढून ठेवत होते. मास्तर म्हणाले, "येतील ईदनंतर. एवढा राईचा पर्वत करायची गरज नाही." म्हणाले खरं, पण कोनाड्यातल्या पालथ्या पेल्याकडे त्यांनीही दोनदा बघितलं.

चौथ्या दिवशी दुपारी मीच गेले. खालांनी दार उघडलं ते कडी चाचपत. मला बस म्हणाल्या आणि चादर नीट करताना तिची कड त्यांच्या हाताला लागेना. उशाशी फळीवर औषधाची एक छोटी बाटली होती. मी उचलून बघितली.

"हे काय, खाला?"

"थेंब आहेत. काचबिंदूचे. दोन वर्षं झाली. दिवसातून चार वेळा घालायचे."

"बाटलीवर तर महिनाभरापूर्वीची तारीख आहे. मग अजून अर्धी भरलेली कशी?"

"दोनदा घालते. सहरीला आणि रोजा सोडल्यावर. दिवसाचे नाही घालत. घातले की घशात कडू लागतं बघ. घशात चव गेली म्हणजे रोजा गेलाच की."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्या चादरीच्या सुरकुत्या काढत बसल्या. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मास्तरांनी. गेल्या रमजानात विचारलं होतं मी. म्हणाले, मी टाचणीसुद्धा तोंडात धरत नाही, तुम्ही कशाला संशय ठेवता? त्यांचं चुकलं नाही गं. एवढं जपतो तो माणूस रोज्याला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मास्तरांचा राग आला, खालांचा आला आणि सगळ्यात जास्त माझा आला. रोज शेजारी बसत होते मी त्यांच्या. दोरा ओवायला माझ्याकडे देऊ लागल्या तेव्हा मला वाटलं, थकल्या असतील.

तशीच मौलवींकडे गेले. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "डोळ्यातल्या थेंबाने रोजा तुटत नाही. आणि समजा तुटत असता, तरी आजाऱ्याला सवलत दिलीय ती कशासाठी? बरं झाल्यावर धरा, जमत नसेल तर एखाद्या गरिबाला जेवू घाला. डोळे देऊन रोजा घ्या असं कुणी मागितलंय? मास्तर टाचण्यांचं विचारायला तीनदा आले. हे एकदा तरी विचारायचं!"

दुकानात आले तेव्हा मास्तर कापडावर खडूने रेघा मारत होते. मी सगळं सांगितलं. खडू थांबला.

"मी आपलं सहज बोललो होतो," ते म्हणाले. "मी काय मौलवी आहे?"

"तेच विचारतेय मी. कोण आहात तुम्ही? तुमच्या टाचणीपायी त्यांनी थेंब सोडले, थेंबांपायी डोळे गेले, आणि डोळे गेले म्हणून तुम्ही त्यांना घालवून दिलंत. कुणाची भूक काढलीत हो तुम्ही या महिन्यात? स्वतःची?"

"माझा रो..." एवढंच ते म्हणाले. पुढचं त्यांनी गिळलं. मग उठले आणि गल्लीच्या टोकाकडे चालू लागले. गळ्यातला टेप काढायचंही त्यांना सुचलं नाही. मी मागोमाग गेले, कारण या माणसाला माफी मागता येते की नाही हे मला तीस वर्षांत कळलेलं नव्हतं.

ते दारातच उभे राहिले. "खाला, थेंबाने रोजा तुटत नाही. मी चुकीचं सांगितलं. तुमचे सगळे शाबूत आहेत. माझा तुटला त्या दिवशी, हेडमास्तरांसमोर."

खाला म्हणाल्या, "तुमचा तर रोजच तुटत होता, मास्तर. आम्ही मोजायचं सोडून दिलं होतं."

मास्तर आत आले. मग फळीवरची बाटली घेतली आणि खालांच्या डोळ्यांत थेंब मास्तरांनीच घातले. कोटाच्या कापडावर केसाएवढी चूक न करणारा हात, पण पहिला थेंब गालावरच पडला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते जपा. गोष्टीत असतं तसं काही झालं नाही. वेळेवर विचारलेल्या एका प्रश्नाने जे वाचलं असतं ते गेलं, आणि त्याचा संताप माझा अजून गेलेला नाही. पण खाला दुकानात परत आल्या. थेंब आता चारही वेळेला पडतात.

काजं सध्या मास्तर करतात. खाला शेजारी बसतात आणि झालेल्या काजावरून अंगठा फिरवून बघतात. परवा एकाच काजाला दोनदा उसवा म्हणाल्या. मास्तरांनी दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा पुढे केलं, खालांनी सावकाश अंगठा फिरवला.

"उसवा."

सव्विसावा रोजा होता, रोजा सोडायची अजान व्हायला तासभर अवकाश होता, आणि टाचण्या सगळ्या उशीत होत्या. मी सुई हातात धरून वाट बघत राहिले. मास्तरांनी खालांकडे बघितलं, ब्लेड उचललं आणि एक शब्द न बोलता उसवायला घेतलं.