खात्रीसाहेबांचं टिपण

माझा धाकटा साडू आणि मी एकाच रुग्णालयात होतो. मी कार्यालयात आवक-जावक कारकून, तो प्रयोगशाळेचे कॉम्प्युटर सांभाळायचा. तपासण्यांचे निकाल सहा टेबलांवर टाइप होत आणि तळघरातल्या सर्व्हरवर साठत. मला त्यातलं फारसं कळत नाही, त्याने सांगितलं तसं लिहितो. डिस्कवर खरोखर लिहून झाल्याशिवाय सर्व्हर 'सेव्ह झालं' म्हणणार नाही, असं त्याने लावून ठेवलं होतं. दर नोंदीला चार-पाच सेकंद जात. टायपिस्ट मुली त्याला खात्रीसाहेब म्हणत.

"खात्रीसाहेब, तेवढ्यात माझं लग्न उरकेल."

"उरकू द्या. नोंद मात्र राहू द्या जागेवर."

नव्या अधीक्षकांना रांग भराभर हलायला हवी होती. त्यांनी तोंडी हुकूम दिला: थांबणं बंद. नोंद सर्व्हरच्या मेमरीत पोचली की लगेच 'झालं', डिस्कवर मागाहून, सवडीने. साडूने टिपण दिलं, की मधेच वीज गेली तर नोंदी जातील. मी ते आवक वहीत चढवून फाइलला लावलं.

अडीच महिने सगळे खूश होते. मग एका दुपारी वीज गेली, बॅटरीनेही मान टाकली. नोंदींची फाइल अर्धवट लिहिली जाऊन बिघडली. आदल्या दिवसापर्यंतची प्रत होती, पण त्या दिवसाचे एकशे बारा निकाल गेले. नमुने तर फेकून झालेले. एका लहान मुलीच्या मणक्यातलं पाणी दुसऱ्यांदा काढावं लागलं. तिचा बाप साडूच्या अंगावर धावून गेला.

चौकशीच्या आदल्या दिवशी अधीक्षकांनी मला बोलावलं.

"ते टिपण फाइलीत कशाला हवं? तुम्ही रिटायर कधी?"

"सात महिन्यांनी, साहेब."

त्यांनी हात पुढे केला. मी टिपण काढून दिलं आणि वहीचं ते पान नव्याने उतरवलं.

चौकशीत साडू म्हणाला, "दादांना विचारा." मला विचारलं. मी म्हणालो, आठवत नाही.

त्याला कामावरून काढलं. पुढच्याच आठवड्यात सर्व्हर गुपचूप पुन्हा त्याच्या पद्धतीने लावला. हे निदान त्याला कळावं म्हणून मी त्याच्या घरी गेलो. दार मेहुणीने उघडलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"भावजी, टिपण आलं होतं एवढं कागदावर लिहून द्या. त्यांना कुठे तरी नोकरी लागेल."

"पेन्शन सुरू झाली की देतो."

"मग तेव्हाच या," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पेन्शन सुरू होऊन आता अकरा वर्षं झाली.