साडूंनी आ केला

आमच्या साडूंइतका मनापासून घाबरणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही. घाबरतो आपण सगळेच, पण आपलं ते हौशी काम. पाल दिसली, घाबरलो, पाल गेली, विसरलो. साडूंचं घाबरणं धंदेवाईक आहे. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली, म्हणजे बाकीच्यांनी घाबरायचं विसरू नये याचा पगार घेतला, आणि निवृत्त झाल्यावर उरलेली सगळी भीती पिशवीत भरून घरी आणली. त्यांची बायको ही माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्ही त्यांना ताई म्हणतो. या नात्यामुळे साडूंची भीती मला वर्षानुवर्षं अगदी जवळून, पुढच्या रांगेत बसून बघायला मिळाली आहे.

लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी ते बाहेर पडायचं दार बघतात आणि जेवायला त्याच्याच शेजारी बसतात. घरातून निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद आहे ना ते पाहतात, कुलूप लावतात, चार पावलं जातात, परत येऊन कुलूप उघडतात आणि पुन्हा रेग्युलेटर पाहतात. यामुळे लग्नापासून आजतागायत ताईंनी एकाही सिनेमाची सुरुवात बघितलेली नाही. स्कूटर कुठेही लावली तरी तोंड रस्त्याकडे. "पळायची वेळ आली तर वळवण्यात वेळ जायला नको," हे त्यामागचं शास्त्र. मी एकदा विचारलं, "साडूभाऊ, पळायचं कुणापासून?" ते गंभीरपणे म्हणाले, "ते तेव्हा कळेल."

त्यातही त्यांची खास भीती घशाची. जे जे गिळता येतं ते ते अडकू शकतं, हा त्यांचा मूळ सिद्धांत. आणि नाशिकमध्ये राहून हा माणूस द्राक्षाला घाबरतो! देवाने द्राक्ष हे घशाच्या मापाचं बूच म्हणून बनवलेलं आहे, असं त्यांचं तांत्रिक मत. हंगामात सगळं गाव घड हातात धरून तोडत असतं, तेव्हा साडूंच्या घरी पाहुण्याला बशीत उभी चार भागांत चिरलेली द्राक्षं मिळतात, वर काटा. ऑपरेशन झालेलं ते फळ बघून मला नेहमी त्याच्या तब्येतीची चौकशी करावीशी वाटते.

आणखी एक खोड सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. धोका दिसला की तुम्ही-आम्ही ओरडतो. साडू तोंड मिटतात. एकदा मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून त्र्यंबक रोडने नेलं. सिग्नलला आरशात पाहिलं तर ओठ असे आत ओढलेले की मिशीखाली नुसती एक रेघ. घरी पोचल्यावर चहा समोर आला तेव्हा कुठे ती रेघ उघडली.

एवढ्या भीतीमागे काहीतरी जुनं दुखणं असणार, असं मला वाटायचं. कारखान्यात कुणी दगावलं असेल, लहानपणी काही पाहिलं असेल. शेवटी धीर करून विचारलं, "साडूभाऊ, नेमकं झालं काय होतं?"

"काही झालं नाही," ते म्हणाले. "उभ्या नोकरीत काही झालं नाही. आणि ते आपोआप होत नसतं, बरं का."

मी हसलो. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

तर अशा माणसाच्या घरी नात जन्माला आली. सई. गोल चेहऱ्याची, हुशार डोळ्यांची, आणि आजोबांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहणारी. सहा महिने ती आईच्या दुधावर मजेत होती आणि साडूही मजेत होते, कारण दुधात अडकण्यासारखं काही नसतं. सहा महिने भरले आणि मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी बाँब टाकला. "आता वरचं अन्न सुरू करा. मऊ भात, वरण, नाचणीचं सत्त्व. सुरुवातीला बाळ थोडं ओकारी काढेल, घाबरू नका. त्याला तसंच शिकावं लागतं."

'घाबरू नका' हे शब्द साडूंच्या डोक्यात शिरत नाहीत, 'ओकारी' मात्र शिरली. सुनेची रजा संपत आली होती. ती कामावर गेली की दिवसभर नात आजीआजोबांकडे. म्हणजे तो घास भरवणारा हात साडूंचा. त्याच संध्याकाळी मला फोन आला, "साडूभाऊ, ताबडतोब या. बाळ पाहिजे."

गेलो. बाळ मीच होतो. घरात घास अडकल्याची रंगीत तालीम ठेवलेली होती, कारखान्यात आगीची ठेवतात तशी. मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून गळ्याला टॉवेल बांधला. मुलगा दाराबाहेर मोटरसायकल चालू करून उभा. शेजारचे एक सज्जन हातात गाडीची किल्ली धरून जिन्यात. सूनबाई मोबाइलवर डॉक्टरीणबाईंचा नंबर काढून तयार. ताई नाचणीची वाटी घेऊन, कपाळाला हात लावून. आणि साडूंच्या गळ्यात कारखान्यातली शिट्टी. "मी घास देतो. तुम्ही अडकल्यासारखं करा," त्यांनी हुकूम सोडला.

आता असं कुणी मला सांगू नये. तरुणपणी मी गणेशोत्सवात नाटकं गाजवलेली आहेत. मी डोळे फिरवले, जीभ बाहेर काढली, एक पाय असा झाडला की चप्पल पंख्याला लागली. पुढच्या क्षणी साडूंनी मला ओढून आपल्या मांडीवर पालथा घातला आणि दोन खांद्यांच्या मध्ये असे काही दणके दिले की नाचणी, सकाळची पोळी आणि अभिनयाची हौस एकदमच बाहेर येते की काय असं झालं. "अहो, नाटक होतं ते!" मी ओरडलो. साडू म्हणाले, "आवाज येतोय. म्हणजे श्वास मोकळा झाला." शिट्टी वाजली. तालीम यशस्वी.

हे सगळं सई पाळण्यातून एकटक बघत होती.

मग उष्टावण झालं. पहिला घास मामाने द्यायचा, म्हणून सुनेचा भाऊ सिन्नरहून आला. आडदांड, दिलदार गडी. आल्या आल्या साडूंनी त्याला जीप उलटी करून, तोंड बाहेर काढून लावायला लावली. त्याच्या अंगठीचा खडा हलवून पाहिला आणि अंगठी काढून ठेवायला सांगितली. मामा म्हणाला, "आवो पाहुणं, काय नाय होत! आमच्याकडं पोरं या वयात भाकरीचा तुकडा चघळत्यात."

"आणि अडकला तर?"

"तर थुकत्यात."

या उत्तराने साडूंचा चेहरा पांढरा पडला. घोटीच्या तांदळाची सुंदर खीर होती. पण ती आधी पुरणयंत्रातून, मग चाळणीतून, मग पंच्यातून गाळून आलेली. वाटीत खिरीचा नुसता आत्मा उरला होता. मामाने चमचा पुढे नेला. साडूंनी ओठ आत घेतले आणि मिशीखाली रेघ उमटली. सईने आजोबांकडे पाहिलं आणि तिचंही तोंड घट्ट मिटलं. टाळ्या झाल्या, खुळखुळे झाले, काऊ-चिऊ झाले, मामाने स्वतः कोंबडा होऊन दाखवलं. ओठ काही सुटले नाहीत. शेवटी खिरीचा टिळा हनुवटीला लागला आणि त्यालाच उष्टावण म्हणून आम्ही जेवायला बसलो.

इथपर्यंत गंमत होती. पण आठवडे जाऊ लागले आणि गंमत आटत गेली. चमचा दिसला की सई तोंड मिटून मान फिरवायची. सून कामावर रुजू झाली. संध्याकाळी पायातल्या चपला न काढता ती आधी वाटीकडे बघायची, आणि वाटी भरलेली असायची. डॉक्टरीणबाईंच्या वजनकाट्यावर आकडा हलेना. त्यांनी वाटीतलं अन्न पाहिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, मी भात सांगितला होता, तीर्थ नाही." साडू हसले नाहीत. ते आता घासाला भीत होते आणि घास न जाण्यालाही भीत होते. दोन्ही बाजूंनी भीती आली की बाहेर पडायचं दार कुठलं, हे त्यांच्या शास्त्रात कुठेच नव्हतं. एकदा मला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "पोरगी हलकी लागते हो हाताला." त्या वेळी मला त्यांची चेष्टा सुचली नाही, यावरून काय ते समजा.

मग एके दुपारी मी द्राक्षं घेऊन गेलो. साडू नातीला मांडीवर घेऊन बसले होते. ताई बाजूला वाटीचमचा घेऊन. त्या दिवशी भात नुसता हाताने कुस्करलेला होता. चाळणी सापडली नाही, असं ताईंचं म्हणणं. ती फ्रिजवर होती हे मला बसल्या जागेवरून दिसत होतं, पण बायकोच्या बहिणीच्या घरात साडूने गप्प राहायचं असतं.

"द्राक्षं चिरून देतो, थांबा," साडू म्हणाले.

आणि माझ्या अंगात आलं. त्या घरातली भीती इतकी साचली होती की कुणीतरी खिडकी फोडायलाच हवी होती. मी घडातून एक टपोरं द्राक्ष तोडलं, वर उडवलं आणि मान मागे टाकून थेट तोंडात झेललं.

साडूंच्या आयुष्यात हे कधी घडलं नव्हतं. धोका एवढा मोठा की नेहमीची रेघ त्याला पुरेना. त्यांचं तोंड उघडलं. उघडत गेलं. दाढांपर्यंत दिसेल असा आ त्यांनी वासला.

सई आजोबांकडे बघत होती. तिनेही आ केला.

ताईंचा चमचा विजेसारखा आत जाऊन बाहेर आला.

पुढचे काही क्षण मी अजून विसरलेलो नाही. सईचे डोळे मोठे झाले. चेहरा लाल झाला. जीभ बाहेर आली आणि त्या एवढ्याशा घशातून एक कोरडी ओकारी निघाली. साडूंचा हात शिट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला. तालीम, दणके, मोटरसायकल, सगळं विसरून तो माणूस दगड झाला होता. फक्त तोंड उघडं. मीही माझं द्राक्ष दाताखाली तसंच धरून बसलो होतो. गिळायची छाती होईना. साडू रोज कुठे राहतात ते मला त्या वेळी कळलं.

सईने भात जिभेवर फिरवला. थोडा बाहेर ढकलला, थोडा आत ओढला. आणि गिळला. मग आजोबांच्या गुडघ्यावर थाप मारून तिने पुन्हा तोंड उघडलं.

"बघा!" ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. "अहो, तुम्ही मिटता म्हणून ती मिटत होती! इतके दिवस पोर तुमची नक्कल करत होती!"

नंतर बरेच दिवस मला जेवणाच्या वेळी साडूंच्या घरी बोलावणं असायचं. मी समोर बसून अख्खी द्राक्षं झेलायची, साडूंनी भयाने आ करायचा, सईने त्यांचं बघून आ करायचा आणि ताईंनी भरवायचं. नाशिकमध्ये द्राक्षं खाण्याचा मोबदला म्हणून चहा-पोहे मिळवणारा मीच एकटा. हंगाम संपला तेव्हा मला वाटलं, आता संपलं. पण साडू माझ्याशिवायच आ करायला शिकले होते. घाबरतच करायचे. कपाळाला घाम असायचा, एक हात शिट्टीवर असायचा, पण तोंड उघडं असायचं. सईचं वजन वाढलं. साडूंचं कमी झालं.

मग मुलाला पुण्याला नोकरी लागली आणि ती तिघं तिकडे गेली. रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल सुरू झाला. डब्याला मोबाइल टेकवून साडू समोर बसायचे, आ करायचे, आणि पुण्यात एक घास पोटात जायचा.

परवा मी गेलो तेव्हा कॉल चालूच होता. सई आता स्वतःच्या हाताने जेवते. तिच्या बशीत द्राक्षं होती, उभी चार भागांत चिरलेली. सूनबाई चिरतात, कुणी न सांगता. साडूंनी मोबाइलपुढे मोठा आ केला. सई दुसरीकडे काहीतरी बघत होती.

"सई, आ!"

"आजोबा, मी खाते ना माझी मी," ती म्हणाली. एक फोड तोंडात टाकली, हात हलवला आणि कॉल बंद झाला.

काळ्या पडद्यापुढे साडू तसेच बसून होते. तोंड उघडंच होतं.

"अहो, मिटा आता," ताई हळूच म्हणाल्या.

"काय झालं, साडूभाऊ?" मी विचारलं.

"काही झालं नाही," ते म्हणाले, आणि चिरलेल्या द्राक्षांची बशी माझ्याकडे सरकवली.

मी काटा उचलला. एक फोड घेतली आणि त्यांना दिसेल अशी, सावकाश, नीट चावून खाल्ली.