बामणोदचा पेशंट

जळगावच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये झिपरू भाऊ गेली एकतीस वर्षं गाठींचे काप करत होते. गाठ मेणात बसवायची, कागदाहून पातळ कापायची, काचेवर चढवायची. हात कसलेला, पण स्वभाव भारी खोडसाळ. नव्या माणसाची फिरकी घेतल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

त्या आठवड्यात औषध कंपनीचा विक्रेता मनन नवी अँटीबॉडी घेऊन आला. शरीरात चरबी बनवणारं एक एन्झाइम असतं. कॅन्सरच्या काही, जोरानं वाढणाऱ्या गाठींत ते फार वाढतं. ही अँटीबॉडी नेमकी त्यालाच चिकटते आणि तेवढीच जागा तपकिरी दिसते, असा मननचा दावा. सोमवारी नऊ गाठी रंगवल्या. नऊच्या नऊ तपकिरी! लॅबच्या डॉक्टर चेलना खूश झाल्या, भाऊंना मात्र सगळ्याच तपकिरी निघणं खटकलं. मंगळवारी अमळनेरच्या मंदाबाईंच्या गाठीची पाळी होती. त्या बाहेर बाकावर येऊन बसल्याही होत्या. काच तपकिरी निघाली तर त्यांच्या रिपोर्टात ‘जोरानं वाढणारी गाठ’ असं जाणार, हे भाऊंना दिसत होतं.

म्हणून त्यांनी मंदाबाईंच्या काचेशेजारी आणखी एक काच गुपचूप सरकवली. दोन्ही तपकिरी निघाल्या.

“ही दुसरी तर जबरदस्त पॉझिटिव्ह!” मनन स्क्रीनकडे बघत म्हणाला.

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या. “झिपरू भाऊ, या पेशींच्या भिंती इतक्या जाड कशा? पेशंट कोण?”

“बामणोदचा, मॅडम. भरताचं वांगं.”

मनन लालबुंद झाला. “वांगं चिरलं की काळं पडतंच!”

“पडतं ना. म्हणून त्याचा जुळा भाऊही आणलाय.” भाऊंनी खिशातून तिसरी काच काढली. वांगं तेच, रंगवण्याची रीतही तीच, फक्त अँटीबॉडी घातली नव्हती. ती काच स्वच्छ होती; म्हणजे तपकिरी रंग वांग्याचा नव्हे, दिसेल त्याला चिकटणाऱ्या अँटीबॉडीचा.

डॉक्टर खळखळून हसल्या, पण लगेच फोनकडे वळल्या. त्यांनी नऊही रिपोर्ट परत मागवले. मंदाबाईंची गाठ दुसऱ्या, पारखलेल्या अँटीबॉडीनं पुन्हा तपासायला सांगितली.

निरोप द्यायला भाऊ बाहेर गेले.

“भाऊ, मना रिपोर्ट उना का?” मंदाबाईंनी विचारलं.

भाऊंनी या वेळी फिरकी घेतली नाही. “नही, अक्का. पहिली तपासणी चुकनी. परत करतस.”

“वाईट तं नही ना?”

“माले माहीत नही.”

मंदाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग बाकावर सरकून जागा केली. “बसा मंग. सकाळपासून सगळा लोके माले ‘वाईट काहीच नही’ सांगी राहिनात. तुम्हीच एक खरं बोलनात.”