फायटरच्या टाकीतलं गवत

मी नोकरीसाठी पुण्याला निघाले त्या सकाळी बाबा तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, माशांसाठी गवत लावत. तसेच धावत एसटीपर्यंत आले. कपड्यांवरून चिखल गळत होता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी अंग चोरलं. नव्या ड्रेसला वास लागेल म्हणून. भंडाऱ्याकडच्या तुमच्यापैकी कुणी ते पाहिलं असेल, तर मला माफ करू नका.

येरवड्याला कंपनी होती. कर्वेनगरात मेधा नावाच्या पुणेकर मुलीबरोबर फ्लॅट घेतला. कंपनीच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय ‘शेती’ लिहिला. ‘मासेमार’ लिहायची लाज वाटली. पुढे हौसेने काचेची टाकी आणली, एक निळा फायटर मासा, आणि दुकानदाराने ‘लाइव्ह प्लांट्स’ म्हणून दिलेली हिरवीगार झाडं.

पंधरा दिवसांत पानं बुळबुळीत झाली, पाण्यावर साय धरली. टाकीला मेलेल्या उंदरासारखा वास येऊ लागला. फायटरचे पंख झडत चालले.

"मासा पाळलायस की ड्रेनेज?" मेधा म्हणाली. शिसारी येऊन मी दोन दिवस तिकडे पाहिलंच नाही.

शेवटी बाबांना फोन केला. पान कसं, देठ कसा, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, थे कुंडीतलं झाड हाये. पान्यात सडनच. तलावावरच्या पोरीले समजलं नाई?"

आठवड्याने ट्रॅव्हल्सच्या गाडीतून ओल्या पोत्यात गुंडाळलेलं गवत आलं. चिखलासकट, गोगलगायींसकट. मेधाने नाक दाबलं. माझाही हात आपसूक नाकाकडे गेला.

"ई! कोणी पाठवलं हे?"

"गावाकडे एक ओळखीचे आहेत," मी म्हणाले.

टाकीची घाण तासाभरात धुऊन निघाली. त्या वाक्याची किळस अजून येते.

फायटर जगला. त्याला नवे पंख फुटले आणि तो गवतात दिसेनासा झाला. मासा दिसत नाही म्हणजे सुखात आहे, असं बाबा म्हणायचे.

त्यानंतर किती फायटर आले, गेले. गवत तेच आहे, छाटून छाटून वाढवलेलं. कुणी विचारलं की मी आता मोठ्याने सांगते, "माझे वडील मासेमार होते. हे गवत त्यांनी पाठवलेलं." हे ऐकायला बाबा नाहीत. पाणी बदलताना कोपरापर्यंत हात आत घालते. बोटांना तलावाचा वास लागतो. माझं घर आता तेवढंच आहे, म्हणून हात धूत नाही.