दांडा जिकडे, वाट तिकडे बंद

माझा धंदा बोटींवरचे संडास बसवण्याचा. नवीन ओळखीत कोणी विचारलं, "आपण काय करता?" की मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणते, "बोटींचं काम," आणि विषय बदलते. तिचंही बरोबर आहे म्हणा. सत्तावीस वर्षं झाली. गुडघे गेले, पाठ गेली, नाकाने तर केव्हाच हात टेकले. लोकांना बोट म्हटली की वारा आठवतो. कुठला वारा, ते मला विचारा.

पण मला सांगायचंय ते ताईबद्दल. माझी थोरली बहीण. एकतीस वर्षं ती नवऱ्याबरोबर बोटीवर राहिली. भाऊजी त्या बोटीतून विटा नि खडी वाहायचे. धंदा थांबला, तेव्हा माल ठेवायच्या जागेत त्यांनी दोन खोल्या काढल्या आणि बोट धक्क्याला कायमची बांधली. "मला जमिनीवर झोप लागत नाही," असं ते म्हणायचे. ताईला कुठे झोप लागते, हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

पहिली कित्येक वर्षं तिथे नुसती बादली होती. मग धक्क्याचा नियम आला की घाण पाण्यात सोडायची नाही, टाकीतच साठवायची. तेव्हा मला बोलावणं आलं. मी गिऱ्हाइकाला नेहमीचे प्रश्न विचारतो, तसे विचारले. माणसं किती, टाकीला जागा किती, बॅटरी कशी आहे. विजेवर चालणारा संडास मी आधीच बाद केला. एक केस अडकला तरी तो घरघरतो, आणि त्या बोटीची बॅटरी दिव्यांनाच पुरत नव्हती. दुसरा कोरडा. त्यात भुसा टाकायचा, आणि लघवीचा कॅन वेगळा. "तो कॅन रोज उचलून कोण नेणार?" असं मी विचारलं, तेव्हा भाऊजींनी ताईकडे बघितलं आणि ताईने खिडकीबाहेर.

राहिला हातपंपाचा. एक दांडा, दोन रबरी चकत्या. बिघडला तर घरच्या घरी दुरुस्त होतो, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. घरच्या घरी म्हणजे कोणी, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. एवढा मी शहाणा.

त्या पंपाच्या मागे एक झडप असते. संडासातून येणारी घाण एक तर टाकीत जाते, नाही तर बाहेर समुद्रात. आणि त्या झडपेची खोड अशी, की तिचा दांडा ज्या बाजूला वळवाल ती बाजू बंद होते. सगळ्या जगाला वाटतं, दांडा दाखवतो तिकडे वाट आहे. इथे उलटं. शिकलेसवरलेले लोक इथे फसतात. ताईला मी एकदाच सांगितलं. "म्हणजे बोट दाखवेल तिकडे जायचं नाही, एवढंच ना?" ती म्हणाली. "तसं मी लग्न झाल्यापासून करतेय." अकरा वर्षांत ती एकदाही चुकली नाही. हे लक्षात ठेवा.

बाकीचंही तिनेच सांभाळलं. खाऱ्या पाण्याने पाइपच्या आत दगडासारखा थर बसतो. ती दर महिन्याला व्हिनेगर ओतून तो मऊ करायची, तरी नाहीच सुटला तर पाइप काढून धक्क्यावर आपटायची. धोबीण आली असं शेजारच्या बोटीवरचे म्हणायचे. रबराच्या चकत्या माझ्याकडून नेऊन स्वतः बदलायची. टाकी किती भरली ते बोटाच्या पेराने ठोकून सांगायची, कलिंगड ठोकावं तसं. दर आठ दिवसांनी बोट सोडून, पलीकडच्या उपसायच्या पंपापर्यंत चालवत नेऊन, ती जाड नळी ओढून टाकी रिकामी करायची. शेजारीण एकदा म्हणाली, "तुमचं बरं आहे, समोर सगळं पाणीच पाणी!" ताई म्हणाली, "हो ना, भरून ठेवलंय खाली. नेता का थोडं?"

एकदा जावई राहायला आले आणि कान साफ करायच्या काड्या आत टाकून बसले. आता जावयाला बोलणार कोण! ताईने पंप उघडला, डावा हात कोपरापर्यंत आत घातला, काड्या काढल्या, साबणाने तीनदा हात धुतला आणि उजव्या हाताने त्यांच्यापुढे चहा ठेवला. ताई डावरी. लहानपणी त्यावरून आईचा मार खाल्लेला, पण हात काही बदलला नाही.

चार वर्षांपूर्वी भाऊजींची उजवी बाजू गेली. मी धावत जाऊन पंपाचा दांडा डाव्या बाजूला बसवून दिला. त्यांना डाव्या हाताने जमत होतं, मी स्वतः पाहिलं. दोन दिवस त्यांनी केलंही. तिसऱ्या दिवसापासून आतून हाक यायला लागली, "ऐकलंस का गं?" मग ताई गॅस बारीक करून यायची, दारात उभी राहायची, तोंड फिरवायची आणि आत हात घालून वीस वेळा पंप मारायची. दिवसातून पाच वेळा, सहा वेळा. मी ते बघितलं की मला राग यायचा. पण बहिणीच्या संसारात बोलायचं कोणी? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"ताई, दमलीस का गं?" मी एकदा विचारलं.

"दमून काय करू?" ती म्हणाली. बस, संपला विषय.

या वर्षी धक्क्यावर नवा तपासणीवाला आला. तो तुमच्या संडासात हिरव्या रंगाची गोळी टाकतो, पंप मारायला लावतो आणि बाहेर जाऊन पाणी बघतो. हिरवं दिसलं की नापास. मग आठ दिवसांची मुदत, आणि दुसऱ्यांदा नापास झालात की बोट धक्क्यावरून हलवायची. भाऊजींना झोप लागेना. "मी मेलो तरी इथेच मरणार," ते म्हणायचे. मुलगी म्हणत होती की बाबा, आमच्याकडे खालची खोली रिकामी आहे, पायरीसुद्धा नाही, या ना. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी सगळं बघून आलो. झडपेचा दांडा समुद्राच्या बाजूला वळवला, म्हणजे समुद्र बंद. कोणाच्या धक्क्याने हलू नये म्हणून तारेने बांधला. तारेला पीळ दिला आणि टोक आत वळवलं. भाऊजींना म्हटलं, "निवांत राहा, माझ्या हातचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. गोळी टाकली. ताईने वीस वेळा पंप मारला. आम्ही वर गेलो, आणि बोटीच्या पोटाजवळ पाणी असं हिरवंगार झालं, की मला वाटलं आता याच पाण्यात उडी टाकावी. साहेबांनी कागदावर खूण केली. "आठ दिवसांनी येतो," म्हणाले आणि गेले.

"काय मेव्हणेबुवा," भाऊजी म्हणाले, "हेच का तुमच्या हातचं काम?"

मी खाली उतरलो, फळी काढली. ताई मागे टॉर्च धरून. दांडा टाकीच्या बाजूला होता, म्हणजे टाकी बंद. तार मात्र जिथल्या तिथे, पीळ दिलेली, टोक आत वळवलेलं. फक्त पीळ उलटा होता. उजव्या हाताचा माणूस तार पिळतो तसा नव्हता.

मी मागे वळून बघितलं. ती टॉर्च हलवत नव्हती.

"ताई, चुकून झालं ना?"

"मी चुकते का कधी?" ती म्हणाली. मग ती तिथेच पायरीवर बसली. "मला नको आहे रे ही बोट. मला कधीच नको होती. एकतीस वर्षं मी सगळ्यांची घाण पुढे ढकलतेय. तू आलास, टाकी मोजलीस, बॅटरी मोजलीस, त्यांचा हात बघितलास. मला एकदा तरी विचारलंस, ताई, तुला इथे राहायचंय का?"

मी हातातली फळी बाजूला ठेवली.

"त्यांच्याशी बोल मग," मी हळूच म्हटलं.

"बोलले. नऊ वेळा. पालथ्या घड्यावर पाणी." तिने टॉर्च विझवली. "तुला काय करायचं ते कर. नीट करून दे हवं तर. मी परत पंप मारीन."

दोन मिनिटांचं काम होतं. तार सोडायची, दांडा फिरवायचा. मी पक्कड हातात घेतली आणि परत खिशात टाकली. मग फळी लावली आणि वर गेलो.

"भाऊजी, माझंच चुकलं," मी म्हटलं. "झडप आतून गेलीय. नवी बसवायची तर बोटीचा तळ फोडावा लागेल, आणि एवढी जुनी लाकडं ते सोसणार नाहीत. हे काही होण्यातलं नाही."

त्यांनी मला काय काय म्हटलं ते सांगत नाही. सत्तावीस वर्षांत मला कोणी तसं बोललं नव्हतं. धक्क्यावर सगळीकडे झालं की याच्या कामाने सख्ख्या बहिणीचं घर बुडालं. दोन गिऱ्हाइकं तेवढ्यावर दुसऱ्याकडे गेली. मी सगळं ऐकून घेतलं. आठ दिवसांनी बोट पुन्हा नापास झाली, आणि मुलीकडे जायला बोटीवरून उतरताना भाऊजी रडले. तेव्हा मला माझी लाज वाटली, आणि आजही कधीकधी वाटते. म्हातारा माणूस, धरायला एकच गोष्ट होती. पण ती दुसऱ्याच्या हातांनी धरली होती.

तीन महिन्यांनी मी भाचीकडे गेलो. भाऊजी खिडकीशी बसले होते. माझ्याकडे बघितलंही नाही. ताई दिसेना. आतून फ्लशचा आवाज आला, मग शांत. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"ऐकलंस का गं?" भाऊजी ओरडले. "बरं नाही का वाटत?"

बऱ्याच वेळाने दार उघडलं. ताई पदराला हात पुसत बाहेर आली.

"काय झालं होतं गं?" मी विचारलं.

"काही नाही रे," ती म्हणाली. "नुसतीच बसले होते."