मागे बघणारा रणगाडा

नदीकाठच्या त्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारे तिघे होते. त्यातल्या दोघांना लोक नावाने हाक मारत. तिसऱ्याला नुसतं मिस्तरी म्हणत, आणि तेवढं पुरे होई.

मिस्तरी नाकावर माशी बसू देत नसे. वर्कशॉपच्या दारात ट्रॅक्टर येऊन थांबायच्या आत, नुसत्या आवाजावरून, कुठला पिस्टन कुरकुरतोय ते तो सांगे आणि मालकाने आणखी काही सांगायला तोंड उघडलं की हाताने थांबवी. वर्कशॉप काढण्याआधी वीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या जमिनी ट्रॅक्टरने नांगरल्या होत्या. नांगरताना त्याची बसण्याची एक रीत होती. उजवा हात मडगार्डवर, कंबर पिळलेली, मान मागे. ट्रॅक्टर पुढे जाई आणि मिस्तरी नांगराने पाडलेल्या तासाकडे, मातीतल्या त्या रेघेकडे, बघत राही. वीस वर्षांत मान तशीच बसली. रस्त्याने चालतानाही ती जराशी उजव्या खांद्याकडे झुकलेली असे. पोरं म्हणत, मिस्तरी जातात पुढे आणि बघतात आलेल्या वाटेकडे.

त्याला एकच लेक. वेल्डिंगला तिचा हात असा बसला होता की तिने सांधलेल्या जागेवरून बोट फिरवलं तरी सांधा लागत नसे. ह्या गोष्टीचा मिस्तरीला गर्व होता. तिच्या नवऱ्याचा मात्र नव्हता. जावई सोसायटीचा साखळीचा ट्रॅक्टर चालवायचा. रबरी चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारा, चिखलातही न रुतणारा. गडी उमदा, बडबड्या, पण नांगरताना पुढे बघत बेसूर गाणी म्हणायचा आणि मागे तास सापासारखे वळत जायचे.

"जावईबापू," मिस्तरी बांधावरून ओरडे, "मान काय टोपी ठेवायला दिलीय? मागे बघा!"

"मामा, पुढे खड्डा आला तर?"

"पुढची जमीन कुठे पळून जात नाही. आपण मागे काय करून ठेवलं ते बघावं माणसाने!"

जावई दोन तास ओढेपर्यंत मागे बघे आणि तिसऱ्याला पुन्हा गाणं सुरू.

अशात लढाई लागली. पलीकडच्या देशाकडे रणगाड्यांच्या रांगा होत्या. इकडच्या सैन्याकडे होते एकूण सात. तेही तीन वेगवेगळ्या देशांनी मोडीत काढलेले. एकाचा नट दुसऱ्याला बसत नसे, आणि माहितीची पुस्तकं तीन भाषांत, त्यातली एकही इथे कुणाला वाचता येत नव्हती. पहिल्याच आठवड्यात सातातले चार सुट्या भागांपायी उभे राहिले.

मग एका सकाळी कॅप्टन वर्कशॉपमध्ये आला. लढाईआधी तो शाळेत भूगोल शिकवत असे. चौकटीच्या वहीच्या कागदावर त्याने एक चित्र काढून आणलं होतं.

"मिस्तरी, सोसायटीचे चार साखळीचे ट्रॅक्टर सैन्याने घेतलेत. त्यांना वरून लोखंडी चिलखत चढवायचं. पहिला सोळा दिवसांत हवा."

मिस्तरीने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "हे काय, कासव?"

"रणगाडा आहे."

"साहेब, तुम्ही भूगोलच शिकवायचात, चित्रकला नाही, ते बरं होतं."

कॅप्टन हसला नाही. मिस्तरीने कागद घडी करून खिशात घातला. म्हणजे काम घेतलं.

बंद पडलेल्या गिरणीच्या बॉयलरमधून जाड प्लेटी कापून आणल्या. पहिली प्लेट भिंतीला टेकवून कॅप्टनच्या एका शिपायाने पन्नास पावलांवरून गोळी झाडली, तर ती कागदातून जावी तशी आरपार गेली. मिस्तरी दोन दिवस त्या भोकात बोट घालून बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने दोन प्लेटींमध्ये चार बोटांची पोकळी सोडली. गोळीने बाहेरची प्लेट फोडली, पण आतलीला नुसता पोचा पडला. शिपाई टोपी काढून डोकं खाजवत राहिला. मिस्तरीने त्या दिवशी चहा दोनदा मागवला.

ट्रॅक्टरभोवती लाकडी पट्ट्यांचा सांगाडा उभा केला, आणि बघायच्या फटी कुठे ठेवायच्या ते ठरवायला मिस्तरी स्वतः सीटवर चढून बसला. लेक बाहेर खडू घेऊन उभी.

"बाबा, नजर कुठे येते तुमची?"

"बघायचं तिथेच येते. तू खूण कर."

तिने खूण केली. लहानपणापासून तिने बापाला ट्रॅक्टरवर तसंच बसलेलं पाहिलं होतं. त्यात वावगं काही आहे हे तिच्या मनालाही शिवलं नाही. पुढच्या पट्टीवर मिस्तरीने नुसता एक कटाक्ष टाकला. "इथे एक बोटभर फट पुरे. जाताना मधूनमधून बघायला."

सोळा दिवस वर्कशॉपमध्ये ठिणग्यांची झड लागली होती. शेवटची प्लेट कापता कापता गॅसची शेवटची टाकी फुस्स करून संपली. पण काम झालं होतं. आणि ह्या सोळा दिवसांतच सैन्याने ठरवलं की तो ट्रॅक्टर आजवर जो चालवत आला, तोच पुढेही चालवेल. म्हणजे जावई.

सोळाव्या दिवशी कॅप्टन आत चढून सीटवर बसला. मग आतून घुमलेला आवाज आला.

"मिस्तरी, मला पुढचं काही दिसत नाही."

"फट आहे ना साहेब!"

"बोटभर. आणि मागे ही हातभर खिडकी कशाला?"

"बघायला," मिस्तरी म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याचा चेहरा उतरला.

त्याच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. ह्या गाडीला मागे नांगर नव्हता. तास नव्हता. जे काही येणार होतं ते पुढून येणार होतं, आणि त्याने, वीस वर्षांच्या मानेने, सगळी नजर मागे नेऊन ठेवली होती.

"लढाईत पुढे बघायचं असतं, मिस्तरी," कॅप्टन खाली उतरत म्हणाला. रागाने नाही, वर्गात चुकलेल्याला सांगावं तसा. "ही फट मोठी करा."

"गॅस संपला. आठवडा लागेल."

"आमच्याकडे उद्याची सकाळ आहे."

जावयाने वातावरण हलकं करायला तोंड उघडलं. "मामा, जन्मभर मागे बघ, मागे बघ केलंत. मी ऐकेना म्हणून शेवटी लोखंडातच कोंडलंत की मला!"

कुणी हसलं नाही. लेकीने बापाकडे पाहिलं. "बाबा, ह्याला पुढचं दिसेल ना?"

गावातल्या प्रत्येक इंजिनाबद्दल उत्तर देणारा मिस्तरी हत्यारं पुसू लागला.  लेकीने उरलेल्या तीन वेल्डिंग रॉडांनी मागच्या खिडकीला बिजागरीचं झाकण बसवलं, आतून ओढता येईल असं. "मागून तरी काही लागू नये," एवढंच म्हणाली, आणि काळा चष्मा डोळ्यांवरून लवकर काढलाच नाही.

सकाळी गाडी गेली. धीम्या गतीने, थोडी डावीकडे ओढत.

पुढचे तीन दिवस मिस्तरी वर्कशॉपच्या दारात बसून होता. समोर उघडलेला पंप होता. तो सुटा केला, जोडला, पुन्हा सुटा केला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या बाकीच्या दोघांतला एक मुद्दाम वाट वाकडी करून आला. "काय हो, ऐकलं ते खरं? तुमचा रणगाडा शत्रूला पाठ दाखवून लढतो म्हणे?" एरवी मिस्तरीने त्याला पाना फेकून मारला असता. त्या दिवशी त्याने मान खाली घातली. टोमणा मारणाऱ्यालाच ओशाळं वाटलं. तो शेजारी बसला, आणि पंपाचा एक नट हातात धरून देऊ लागला.

जेवायला लेक आणि बाप समोरासमोर बसत. ती त्याला बोल लावत नव्हती. लावला असता तर बरं, असं त्याला वाटे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्तरी एकदम उठून उभा राहिला.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"गप. ऐक."

दूरवर घरघर होती. तिला काही कळेना. मिस्तरीचे मात्र कान टवकारले होते. "आपलंच इंजिन आहे. पण हा रिव्हर्सचा आवाज आहे. एवढा वेळ रिव्हर्समध्ये कोण चालवतं?"

नदीकडच्या वळणावर आधी माणसं दिसली. काही चालत, काही एकमेकांच्या खांद्यावर, एका नर्सच्या पाठीवर म्हातारी. तेवीस जण. आणि त्यांच्या पाठोपाठ, त्यांच्याकडे तोंड केल्यासारखी ती हातभर खिडकी पुढे करून, रणगाडा उलटा येत होता. बाहेरच्या प्लेटीची चाळण झाली होती.

लेक धावली. मिस्तरी हातातला पंपाचा नट तसाच घेऊन मागोमाग निघाला.

काय घडलं ते नर्सने सांगितलं, वर्कशॉपच्या फळीवर बसून, पाणी पिता पिता. दलदलीपलीकडच्या दवाखान्यातले रुग्ण घेऊन ती दलदलीतल्या बांधावरून निघाली होती. बांध जेमतेम एक गाडी जाईल एवढा रुंद. शत्रूचे खरे रणगाडे त्याच्यावर चढूच शकत नव्हते, एवढे जड. पण मागून त्यांच्या गोळ्या सुरू होत्या. सगळे बांधाच्या उताराला चिकटून पडलेले. तेवढ्यात इकडून हे लोखंडी कासव आलं, त्यांना ओलांडून थोडं पुढे गेलं आणि बंद दारासारखं उभं राहिलं. आतून आवाज आला, "सगळे माझ्या मागे या!"

"वळायला जागाच नव्हती," नर्स म्हणाली. "मग तोंड शत्रूकडे ठेवून तो उलटा निघाला. आम्ही त्याच्या आडोशाने, त्याच्या पुढे. म्हणजे मागे. तुम्हाला कळलं ना? दोन कोस! कुणी अडखळलं की तो थांबायचा. एकही पाय पट्ट्याखाली आला नाही. खिडकीतून सारखा ओरडत होता, 'आजी, डावीकडे! दादा, घाई नको, मला कुठे लग्नाला जायचं नाही!' मधेच गाणीही म्हणाला."

"सुरात?" मिस्तरीने विचारलं.

"छे!"

मिस्तरीचा जीव भांड्यात पडला. तो जावईच होता, दुसरा कुणी नाही.

गाडीचा गिअर रिव्हर्सलाच अडकला होता, म्हणून गावातूनही तो तसाच, पावलापावलाने, आत्ता वर्कशॉपच्या दारात पोचला. लेकीने झाकण पूर्ण वर केलं आणि नवऱ्याला ओढून बाहेर काढलं. तो उभा राहिला. हात-पाय धड, पण मान उजव्या खांद्याकडे वळलेली, ती सरळच होईना.

"मामा," तो तसाच वाकड्या मानेने म्हणाला, "बघा, तुमच्यासारखी झाली!"

मिस्तरीने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, जसं मौल्यवान यंत्र धरावं तसं, आणि बराच वेळ सोडलं नाही.

दोन दिवसांनी कॅप्टन गॅसच्या टाक्या घेऊन आला. "उरलेल्या तिन्हींनाही मागे तशीच खिडकी करा."

मिस्तरीने हातातला पाना खाली ठेवला. पुढचे शब्द गावात कुणी त्याच्या तोंडून आजवर ऐकले नव्हते. "साहेब, ती चूक होती माझी. मी विचार करून केली नव्हती."

"माहीत आहे. तशीच करा."

"करतो. पण पुढची फट चार बोटं करतो. ह्या वेळी सीटवर जावयाला बसवून खूण घेतो. त्याला पुढे बघायची फार हौस आहे."

लढाई पुढच्या वर्षी संपली. चिलखतं उतरली, ट्रॅक्टर शेतात परतले. पहिल्या गाडीची मागची प्लेट मिस्तरीने मोडीत दिली नाही. वर्कशॉपच्या शेताकडच्या भिंतीत बसवली. दुपारी चहाच्या वेळी तो लेकीने बसवलेलं झाकण वर करतो आणि नांगरणाऱ्या जावयाला हाक मारतो.

"जावईबापू, तास वाकडा चाललाय!"

जावई मान मागे वळवून हात हलवतो. तेवढ्यात ट्रॅक्टर पुढच्या खड्ड्यात उतरतो, आणि लेक म्हणते, "बाबा, ते झाकण आधी लावा बघू."